त्वचेखालचा भराव : सव्वाशे वर्षांची हकीकत

गेल्या मार्गशीर्षांत माझा एक जुना विद्यार्थी लग्नाची पत्रिका द्यावयास घरीं आला. पत्रिका दिली, चहा झाला, तरी तो उठेना. शेवटीं माझी पत्नी स्वयंपाकघरांत गेल्यावर त्यानें आवाज उतरविला आणि म्हणाला, "सर, हनुवटींत सुई घ्यावी म्हणतों. फोटोंत माझी हनुवटी आंत गेलेली दिसते. अर्ध्या तासाचें काम आहे. कांहीं होत नाहीं म्हणतात. तुमचें वाचन पुष्कळ, म्हणून विचारतों." घरीं कोणास सांगितलेंस का, असें मीं विचारलें. त्यानें मान हलविली. "पुरुषानें असलें सांगायचें तरी कसें?"

मीं उभा जन्म इतिहास शिकविण्यांत घालविला. वैद्यक मला येत नाहीं. तेव्हां त्याला आठ दिवसांनीं ये म्हणून सांगितलें, आणि त्या आठ दिवसांत मिळालें तेवढें वाचलें. वाचतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, "कांहीं होत नाहीं" हें वाक्य त्या सुईइतकेंच जुनें आहे, आणि तें पहिल्यानें ज्याच्याविषयीं छापलें गेलें तो रोगी पुरुषच होता. तीच हकीकत आज नभोवाणीच्या श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

परंतु व्हिएन्नाला जाण्यापूर्वीं थोडें पुण्याजवळ थांबलें पाहिजे. बिघडलेला चेहरा दुरुस्त करणें ही कल्पना आपल्याकडे परदेशांतून आलेली नाहीं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' नांवाच्या मासिकानें ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत एका माणसाचें चित्र व वृत्तांत छापला. त्याचें नांव तेथें कावसजी असें दिलें आहे. नांव पारशी दिसतें, आणि मासिक तर त्याला मराठा शेतकरी म्हणतें. इंग्रजी कानांनीं मूळ नांवाचें काय केलें असेल तें देव जाणे. हा कावसजी १७९२ च्या टिपूवरील मोहिमेंत इंग्रज फौजेबरोबर बैल हांकीत असे. तो टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला; त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून राहिला. मग पुण्याच्या आसमंतांतील, विटा पाडणाऱ्या जातींतल्या एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें, आणि तें काम इंग्रज डॉक्टरांनीं स्वतः उभें राहून पाहिलें.

त्या कारागिरानें प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घेतला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेनें रेघ ओढली, आणि तेवढी कातडी सोडवून खालीं वळविली. मात्र दोन भुवयांच्या मध्यें तिचा एक देंठ त्यानें जोडलेलाच ठेवला. त्या देंठांतून रक्त येत राहिलें म्हणून कातडी जगली, नव्या जागीं रुजली. पुढें लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं एका लष्करी अधिकाऱ्याचें नाक याच रीतीनें बांधलें, आणि युरोपांत तिला 'हिंदी पद्धति' हें नांव पडलें.

या वृत्तांतांतील दोन गोष्टी श्रोत्यांनीं लक्षांत ठेवाव्या. एक, मेणाचें काम केवळ मापापुरतें होतें. माप झाल्यावर तें बाजूस काढून ठेवलें गेलें. दुसरी गोष्ट म्हणजे भुवयांमधला तो देंठ. त्यांतून जाणारी बारीक धमनी आपल्या गोष्टींत पुन्हां येणार आहे.

आतां व्हिएन्ना. तेथील रुडोल्फिनरहाउस या इस्पितळाचे प्रमुख रॉबर्ट गेर्सुनी हे मोठे नांवाजलेले शस्त्रवैद्य; थोर बिलरोथ यांच्या पश्चात् त्यांच्या जागीं आलेले. १८९९ सालीं त्यांच्या हाताखालीं एक तरुण रोगी होता. क्षयरोगामुळें त्याचीं वृषणें काढून टाकावीं लागलीं होतीं. (हें नभोवाणीवर सांगावें कीं नाहीं याचा मला क्षणभर संकोच झाला. पण इतिहास जेथें सुरू झाला तेथूनच सांगितला पाहिजे.) त्या तरुणाला निदान बाह्यतः तरी पूर्ववत् दिसावें म्हणून गेर्सुनींनीं व्हॅसलीन पातळ करून पिचकारीनें त्या जागीं भरलें. तें तेथें थंड होऊन घट्ट झालें. शरीरानें तें निमूटपणें सोसलेलें दिसलें. १९०० सालीं त्यांनीं हा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि बसकें नाक वगैरे इतर व्यंगांवरही हीच युक्ति चालेल असें सुचविलें.

चाकूवांचून, गुंगीच्या औषधावांचून, पांच मिनिटांत व्यंग नाहींसें! ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. व्हॅसलीन फार मऊ पडतें म्हणून बर्लिनच्या एकस्टाइन यांनीं अधिक उष्णतेस वितळणारें कडक पॅराफिन, म्हणजे खनिज मेण, वापरण्याचा आग्रह धरला. कोणी गालाचे खळगे भरले, कोणी सुरकुत्या. पुण्याच्या कारागिरानें माप घेऊन जें बाजूला ठेवलें तें मेण असें शंभर वर्षांनीं युरोपांत कातडीच्या आंत गेलें.

सर्वांत अधिक मेण गेलें तें नाकांत. त्याचें कारण बोलण्यासारखें नव्हतें. त्या काळीं उपदंशाच्या रोगानें नाकाचें हाड झिजून नाकाचा मधला भाग खोगिरासारखा बसत असे, आणि तो बसका भाग म्हणजे रोग्याच्या गतायुष्याची जाहिरातच होती. अशा माणसाला नोकरी मिळणें कठीण, लग्न तर त्याहून कठीण. मेणाच्या एका सुईनें ती जाहिरात पुसली जात असेल तर तो पुढचा विचार कशास करील? जो स्वतःचा रोगच लपवावयास आला आहे तो रोग्यांतला सर्वांत गप्प रोगी असतो. सुई टोचणाऱ्याला तो प्रश्न विचारीत नाहीं, आणि अपाय झाल्यास तक्रारही करीत नाहीं. त्या काळच्या पुष्कळ अपायांची नोंद कोठेंच झाली नसेल असें मला वाटतें.

तरीही नोंदी झाल्या, आणि त्या फार लवकर झाल्या. पहिल्या दोनतीन वर्षांतच मेणाचा कण रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसांत अडकल्याचीं उदाहरणें छापून आलीं. १९०३ सालीं न्यूयॉर्कच्या हर्ड व होल्डन या दोन डॉक्टरांनीं एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. त्याचा विषय त्याच्या मथळ्यांतच होता: नाकांत पॅराफिन टोचल्यावर आलेलें अंधत्व. गेर्सुनींच्या निबंधाला तेव्हां पुरतीं चार वर्षेंही झालीं नव्हतीं.

दुसऱ्या प्रकारचा अपाय उशिरा दिसूं लागला. मेण शरीरांत विरघळत नाहीं, पचत नाहीं, बाहेरही पडत नाहीं. शरीर त्याला परका समजून वेढा घालतें. रक्तांतील पांढऱ्या पेशी त्याच्याभोंवतीं जमतात, त्यांच्याभोंवतीं तंतूंचें कवच बनतें, आणि वर्षा-दोन वर्षांनीं, कित्येकदां दहा वर्षांनीं, तेथें टणक, वेडीवांकडी गांठ तयार होते. वरची कातडी लाल-जांभळी होते, फुटते, वाहूं लागते. १९०६ सालीं हायडिंग्सफेल्ड या त्वचारोगतज्ज्ञानें अशा गांठींचे छेद सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्यांचें वर्णन केलें. त्या गांठींना पुढें 'पॅराफिनोमा' असें नांव मिळालें. गांठ काढावयास जावें तर मेण सभोंवतीं इतकें झिरपलेलें असे कीं त्याबरोबर चांगलें मांसही खरवडून काढावें लागे. मेण ठिकाण सोडून सरकत असे तें निराळेंच. ग्लॅडिस डीकन नांवाची पॅरिसची एक रूपवती होती. ती पुढें १९२१ सालीं मार्लबरोची डचेस झाली. तिनें तरुणपणीं नाक सरळ व्हावें म्हणून मेण भरून घेतलें; तें खालीं हनुवटीकडे उतरलें, आणि तिचा चेहरा जन्माचा बिघडला. तिची गोष्ट सर्वतोमुखीं झाली कारण ती मोठ्या घराची होती. उपदंशानें नाक बसलेल्या पुरुषांचीं नांवें कोणास ठाऊक आहेत?

म्हणजे १९०६ सालापर्यंत दोन्ही धोके छापील स्वरूपांत जगापुढें होते: भराव रक्तवाहिनींत शिरणें हा तत्काळचा, आणि शरीरानें त्याच्याविरुद्ध बंड करणें हा उशिराचा. तरीही मेण टोचणें थांबलें नाहीं. युरोप-अमेरिकेंत तें पहिल्या महायुद्धानंतर मागें पडलें. पूर्व आशियांत पुढेंही कित्येक दशकें चाललें. याचें एक साधें कारण मला दिसतें. पहिल्या महिन्यांत रोगी आरसा पाहून आनंदानें येतो, आणि डॉक्टर तेवढ्यावर निबंध लिहितो. दहाव्या वर्षीं गांठ घेऊन तोच रोगी येतो तेव्हां तो दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो. आणि पुरुष तर तिसऱ्या प्रकारेंही फसले आहेत. गुप्तांगांत खनिज तेल किंवा व्हॅसलीन स्वतःच, नाहीं तर मित्राकडून, टोचून घेतलेल्या तरुणांच्या हकीकती पूर्व युरोपांतील व आशियांतील डॉक्टर आजही वैद्यकीय नियतकालिकांत लिहीत असतात. गेर्सुनींचें व्हॅसलीन आणि गेर्सुनींचीच जागा. मधल्या शतकाचा त्यास पत्ताच नाहीं.

मेणानंतर आलें सिलिकोन. हा पदार्थ कारखान्यांतला. दुसऱ्या महायुद्धांत विजेच्या व विमानांच्या कामीं त्याचा मोठा उपयोग झाला. तो उष्णतेनें बदलत नाहीं, कशाशीं संयोग पावत नाहीं, तेव्हां शरीरांतही तो निरुपद्रवीच राहील असा तर्क लढविला गेला. युद्धानंतर जपानांत व मागून अमेरिकेंत पातळ सिलिकोन हजारों स्त्रियांच्या शरीरांत टोचलें गेलें. त्याच गांठी, तेंच सरकणें, तेच फुप्फुसांतले अडथळे पुन्हां आले. १९७० नंतरच्या दशकांत नेवाडा राज्यानें तें टोचणें कायद्यानें गुन्हा ठरविलें. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें पातळ सिलिकोन केवळ डोळ्याच्या आंतील एका विशिष्ट उपचारापुरतें मान्य केलेलें आहे, आणि शरीर घाटदार करण्यासाठीं तें टोचून घेऊं नये असा जाहीर इशारा नोव्हेंबर २०१७ मध्यें पुन्हां द्यावा लागला. जो पदार्थ परत काढतां येत नाहीं त्याविषयीं याहून जास्त बोलण्याचें कारण नाहीं.

१९८१ सालीं गाईच्या कातड्यापासून काढलेलें कोलॅजन अमेरिकेंत मान्य झालें. आमच्याकडे किती जणांस हें ठाऊक असतें तर त्यांनीं तें घेतलें असतें, हा प्रश्न बाजूस ठेवूं. त्याची एक गोष्ट मला शहाणपणाची वाटली. तें चेहऱ्यांत भरण्यापूर्वीं हाताच्या कातडींत थेंबभर टोचून चार आठवडे वाट पाहत. शंभरांत सुमारें तिघांचा हात लाल होई, आणि त्यांना परत पाठवीत. चार आठवडे थांबावयास लावणारे भराव फार थोडे. पुढें जे पदार्थ आले त्यांतल्या बहुतेकांना ही चाचणी लागत नाहीं, ही त्यांची सोय म्हणून सांगितली गेली.

येथें मला थोडें थांबून एका वेगळ्या पुरुषवर्गाविषयीं बोललें पाहिजे. नाहीं तर या भरावांमागें केवळ नटवेपणाच असतो असा गैरसमज होईल, आणि तो अन्याय होईल.

१९९६ च्या सुमारास एड्सच्या विषाणूवर एकत्र द्यावयाचीं प्रभावी औषधें निघालीं आणि मरणाच्या दारांतलीं माणसें उठून कामाला लागलीं. परंतु त्यांतल्या कांहीं औषधांचा, विशेषतः स्टाव्ह्यूडिन या औषधाचा, एक विचित्र दुष्परिणाम झाला. गालांतली चरबी आटून गेली. गालफडें बसलीं, कानशिलें खोल गेलीं. माणूस कामावर जाऊं लागला तोंच त्याचा चेहरा त्याचा रोग सांगूं लागला. पाश्चात्त्य देशांत या रोग्यांत पुरुषांची संख्या मोठी होती. कचेरींत, आगगाडींत, शेजारांत लोक चेहरा पाहून ओळखूं लागले. कांहीं रोगी त्या भीतीनें औषधच सोडूं पाहत. पुढें ३ ऑगस्ट २००४ रोजीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें पॉलिलॅक्टिक आम्लाचा एक भराव मान्य केला तो सुरकुत्यांसाठीं नव्हे, तर याच रोग्यांच्या बसलेल्या गालांसाठीं. आपल्याकडे त्याच वर्षीं १ एप्रिलपासून सरकारी मोफत उपचार सुरू झाला, आणि त्यांतही प्रारंभीं स्टाव्ह्यूडिन होतें. २००९ नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानें तें सर्वत्र मागें घेण्यांत येऊं लागलें. मोफत गोळी मिळालेल्या आपल्या रोग्याला गाल भरून देणारा कोणी भेटला असेल असें मला वाटत नाहीं. तो तोच चेहरा घेऊन बाजारांत गेला. उपदंशाच्या बसक्या नाकापासून येथपर्यंत शंभर वर्षें गेलीं, पण चेहऱ्यावर लिहिलेला रोग पुसून टाकावा ही पुरुषाची इच्छा तशीच राहिली, आणि ती मला मुळींच हास्यास्पद वाटत नाहीं. अशा माणसानें धोका पत्करला तर तो तोलूनमापून पत्करलेला असतो. त्या भरावानेंही गांठी होतात. त्यालाही तें सांगितलें गेलें पाहिजे, इतकेंच.

माझा विद्यार्थी जो भराव घेणार होता तो आज सर्वांत अधिक चालणारा, हायल्यूरॉनिक आम्लाचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत कार्ल मायर व जॉन पामर यांनीं १९३४ सालीं हा पदार्थ गाईच्या डोळ्यांतील कांचेसारख्या पारदर्शक द्रवांतून वेगळा केला. 'हायलॉस' म्हणजे ग्रीक भाषेंत कांच. तो आपल्या कातडींत व सांध्यांतही असतो. आरंभीं तो कोंबड्याच्या तुऱ्यांतून काढीत, आतां जंतूंच्या साह्यानें तयार करितात. चटकन् विरघळूं नये म्हणून त्याचे धागे रसायनानें एकमेकांस जोडून घट्ट गळ बनवितात, आणि तो महिने-दीडदोन वर्षें टिकतो. युरोपांत १९९६ पासून व अमेरिकेंत डिसेंबर २००३ पासून तो प्रचारांत आहे.

या पदार्थांत एक मोठा गुण आहे, तो प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे: तो परत विरघळवितां येतो. १९२८ सालीं दुरान-रेनाल्स नांवाच्या कातालान शास्त्रज्ञाला न्यूयॉर्कमध्यें असें आढळलें कीं, प्राण्याच्या वृषणाचा अर्क टोचला असतां कातडींत दुसरा पदार्थ भराभर पसरतो. या 'पसरविणाऱ्या' द्रव्यांत हायल्यूरॉनिक आम्ल तोडणारें विकर आहे हें १९४० च्या सुमारास अर्न्स्ट चेन व डथी यांनीं दाखविलें. हे चेन पुढें पेनिसिलिनमुळें जगप्रसिद्ध झाले. त्या विकरास हायल्यूरॉनिडेज म्हणतात. वृषण गमावलेल्या तरुणापासून ज्या भरावाची कथा सुरू झाली त्याचा उतारा वृषणांतच सांपडावा, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा!

पदार्थ बदलला, चेहऱ्याच्या धमन्या मात्र त्याच राहिल्या. विद्यार्थी आठ दिवसांनीं आला तेव्हां मीं त्याला जबड्याच्या खालच्या कडेवर, चावतांना फुगणाऱ्या स्नायूच्या अगदीं पुढें, बोट ठेवावयास सांगितलें. ठोका लागला. ती चेहऱ्याची मुख्य धमनी. ती तेथून ओठाच्या कोपऱ्याजवळून, नाकाच्या कडेनें वर चढून डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यापर्यंत जाते, आणि तेथें डोळ्याच्या मागून येणाऱ्या शाखांना मिळते. त्या शाखांतलीच एक म्हणजे भुवयांमधून कपाळावर जाणारी ती बारीक धमनी, जिच्या रक्तावर कावसजीचें नाक जगलें.

एरवीं तिच्यांत रक्त डोळ्याच्या मागून पुढें वाहतें. सुईचें टोंक नकळत धमनींत गेलें आणि दट्ट्या जोरानें दाबला गेला, तर भराव रक्ताला उलट रेटीत मागें जातो. दाब सुटतांच तो पुन्हां रक्ताबरोबर पुढें निघतो, आणि वाटेंत डोळ्याच्या पडद्याला पोसणारी शाखा लागते. मिलिलिटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भराव त्यास पुरतो. पिचकारींत सहसा एक मिलिलिटर असतो. तो डोळा तत्क्षणीं अंध होतो. रक्तावांचून डोळ्याचा पडदा फार तर दीडएक तास तग धरतो. त्या मुदतींत उतारा धमनीपर्यंत पोंचून दृष्टि परत आल्याचीं उदाहरणें अगदींच विरळ आहेत. २०१५ सालीं कॅनडांतील डॉ. बेलेझ्ने व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जगभरचे निबंध चाळून अंधत्वाचीं ९८ उदाहरणें गोळा केलीं. सर्वांत अधिक भुवयांमधल्या जागेंतलीं, त्याखालोखाल नाकांतलीं. २०१९ सालीं त्यांनीं आणखी ४८ मिळविलीं. त्यांत बहुतेक हायल्यूरॉनिक आम्लाचीं होतीं, आणि निम्म्याहून अधिक नाकाचीं. जगांत लक्षावधी सुया टोचल्या जातात त्या मानानें हा आंकडा लहान आहे, हें मीं विद्यार्थ्यापासून लपविलें नाहीं. पण छापून आलेलीं उदाहरणें तेवढींच मोजलीं जातात, हेंही सांगितलें.

डोळा वांचला तरी कातडीचा प्रश्न राहतो. धमनी तुंबली कीं तिच्यावर अवलंबून असलेली कातडी आधीं पांढरी पडते, दुखूं लागते, मग तिच्यावर जाळीसारखी निळसर नक्षी उमटते; उतारा कांहीं तासांत मिळाला नाहीं तर फोड येऊन ती काळी पडते व गळते. हनुवटींत भरल्यानंतर जिभेचा भाग रक्तावांचून काळवंडल्याच्याही नोंदी आहेत. त्यांतून पुरुषाची अडचण अशी कीं, दाढीच्या केसांच्या मुळांना रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्यांचें जाळें त्याच्या चेहऱ्यांत दाट असतें, त्यामुळें सुईनें रक्त सांकळण्याचा संभव जास्त. आणि दाढी राखली असेल तर पांढरा पडलेला किंवा निळसर झालेला डाग तिच्याखालीं झांकून जातो. अॅस्पिरिन, तसेंच तालमींत जाणारे तरुण घेतात त्या माशाच्या तेलाच्या गोळ्या, यांनीं रक्त अधिकच सांकळतें. स्त्रीच्या गालाच्या मापानें पुरुषाचे गाल भरले तर त्याचा चेहरा बायकी दिसूं लागतो, ही तक्रारही डॉक्टरांच्या लिखाणांत वारंवार आढळते. तो अपाय रक्ताचा नव्हे, पण ज्याच्या चेहऱ्यावर होतो त्याला तो कमी वाटत नसेल.

उशिराच्या अपायांपासूनही हा पदार्थ मुक्त नाहीं. महिन्यांनीं, केव्हां वर्षानें, दांताचा पू किंवा सर्दीताप निमित्त होऊन भरलेली जागा एकाएकीं सुजते. २०२० सालीं करोनाच्या एका लशीच्या चाचणींत, पूर्वीं भराव घेतलेल्या कांहींचे चेहरे लस टोचल्यावर सुजल्याची नोंद झाली; ती सूज उतरली. उतारा म्हणून दिलेलें विकरही कांहींना बाधतें, विशेषतः मधमाशीच्या दंशाची ज्यांना वावडी असते त्यांना. सुईवांचून दाबानें कातडींत द्रव घुसविणाऱ्या, घरबसल्या मागवितां येणाऱ्या लेखण्या निघाल्या आहेत. त्यांविरुद्ध अमेरिकेच्या त्याच प्रशासनानें ऑक्टोबर २०२१ मध्यें इशारा दिला.

हें सारें ऐकून विद्यार्थी कांहीं वेळ जबड्यावरचें बोट तसेंच ठेवून बसला. मग म्हणाला, "म्हणजे घेऊं नको म्हणतां?" मीं म्हटलें, तें मी सांगणार नाहीं, हनुवटी तुझी आहे, आणि जाणत्या डॉक्टरांच्या हातून हजारों लोक तें सुखरूप घेतात. पण तूं तेथें काय विचारलेंस? त्यानें फक्त किंमत विचारली होती. बाकी विचारावयास त्याला लाज वाटली.

मग आम्हीं दोघांनीं बसून कागदावर प्रश्न काढले. टोचणारा नोंदणी झालेला डॉक्टर आहे कीं नाहीं. भराव कोणता, आणि त्याची पेटी माझ्यासमोर फोडणार का, तिच्यावरील तुकडीचा क्रमांक मला लिहून देणार का. हायल्यूरॉनिडेज त्याच खोलींत, त्याच वेळीं, हाताशीं असतें का. रात्रीं कातडी पांढरी पडली तर फोन कोण उचलतो, आणि जवळचा नेत्रवैद्य कोण. शेवटचा प्रश्न मीं माझ्याकडून घातला: त्या दिवशीं तुझ्याबरोबर घरचें कोण येणार. त्यावर तो हंसला, पण त्यानें तो खोडला नाहीं.

त्यानें माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती; फार गोड बोलत होती. पहिल्या दोन प्रश्नांना तिनें उत्तरें दिलीं. हायल्यूरॉनिडेज हें नांव तिला दोनदां फोड करून सांगावें लागलें. तिनें आंत कोणास तरी विचारलें, आणि म्हणाली, "तें आमच्याकडे नसतं सर. लागत नाहीं. कांहीं होत नाहीं." विद्यार्थ्यानें आभार मानले, शनिवारची वेळ रद्द करावयास सांगितली, आणि प्रश्नांचा कागद घडी घालून खिशांत ठेवला.